ढगाळ आभाळ, पाणपक्षी आणि चतुर्दशीचा चंद्र

दसऱ्यानंतर पाऊस मागे फिरला तरी उजनी धरणाच्या फुगवट्यावरचं आभाळ कित्येकदा राखाडीच राहतं. रोहित पक्षी अजून आलेले नसतात, कारण ते पाणी ओसरून चिखल उघडा पडल्यावर येतात. पण राखी बगळे, चित्रबलाक, पाणकावळे, चांदवे भरपूर असतात. पक्षी आणि चंद्र एकाच चौकटीत हवे असतील तर भिगवण-कुंभारगावला अशाच दिवसांत जावं.

कारण उजेडाचं आहे. चंद्रावर ऊन पडलेलं असतं. वर चढलेल्या पूर्ण चंद्राला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) २००, एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप), १/२०० सेकंद एवढं एक्सपोजर, म्हणजे फोटोसाठी घेतलेला उजेड, पुरतं. ढगाखालच्या बगळ्याला याच्या निदान चौपट लागतं, म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मात्र क्षितिजालगतचा चंद्र धुरकट हवेतून येताना स्वतःच तेवढा मंदावतो. दोघांची पातळी जुळते ती त्या वेळी, आणि ती थोडाच वेळ टिकते.

म्हणून पौर्णिमेपेक्षा शुद्ध चतुर्दशी बरी. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो. तो नीट दिसेपर्यंत काठ काळवंडतो आणि फोटोत चंद्राच्या जागी पांढरं भोक उरतं. चतुर्दशीला तो साधारण पाऊण तास आधी उगवतो. छापील चंद्रोदयानंतर पहिली पंधरा-वीस मिनिटं तो धुरकटात सापडतच नाही, तेव्हा घाबरून जागा बदलू नका. ढग सलग असतील तर अर्थातच काही हाती लागणार नाही. पूर्वेला क्षितिजाशी फट हवी. आश्विनात चंद्र जवळपास पूर्वेला उगवतो, मार्गशीर्षात ईशान्येकडे सरकतो. पाणी त्या दिशेला येईल असा काठ दिवसाउजेडी हेरून ठेवावा.

सुरुवात एफ/८, १/२५०, आयएसओ ४०० पासून करा, तीही मॅन्युअलवर, म्हणजे आकडे स्वतः ठरवून. राखाडी आभाळासमोर उडणाऱ्या पक्ष्यासाठी एरवी एक ते दीड स्टॉप वाढवावा लागतो, नाहीतर पक्षी काळा पडतो. पण चौकटीत चंद्र असताना तसं केलं की त्याचे डाग पुसले जातात. चंद्राचा तपशील जपा. फोटो रॉमध्ये (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढला असेल तर पक्ष्याच्या सावल्या नंतर उचलता येतात, जास्त उजेडाने पांढरा होऊन जळालेला चंद्र परत येत नाही. १/२५० ला पंख हलतील. उडता पक्षी गोठवायचा तर १/२००० हवं, आणि त्यासाठी आयएसओ ३२०० पर्यंत जावं लागतं. त्यातले दाणे सोसावेत. हललेली चोच सुधारत नाही.

फोकसमध्ये सगळ्यात जास्त फोटो वाया जातात. ५०० मिमी लेन्सवर चंद्र सेन्सरवर जेमतेम साडेचार मिमीचा पडतो. दीड मीटर पंखविस्ताराचा चित्रबलाक १७० मीटरवर असेल तर तो चंद्राच्या तबकडीची सगळी रुंदी अडवतो, पण फोकस चंद्रावर असल्यास त्याच्या कडा स्पष्टपणे विरघळतात. तोच पक्षी ५०० मीटरवर असेल तर चंद्राच्या एक तृतीयांश दिसतो आणि एफ/८ ला कडा बऱ्याच सावरतात. तेव्हा दूरवरून रांगेत परतणारे थवे निवडा. ३०-४० मीटरवरच्या बगळ्यामागे चंद्र हवा असेल तर फोकस बगळ्याच्या डोळ्यावर ठेवून चंद्र मऊ राहू द्यावा. तोही सुंदर दिसतो. पातळ ढगाआडच्या चंद्रावर ऑटोफोकस मागेपुढे भटकतो. स्क्रीनवर दहापट मोठं करून हाताने फोकस लावा आणि तो तिथेच लॉक करा.

ढगाळ हवेचा आणखी एक फायदा दूरच्या फोटोंत कळतो. तापलेल्या पाण्यावर आणि काठावर हवा थरथरते, त्यामुळे महागड्या लेन्सचाही फोटो चिखलासारखा येतो. ऊन नसलं की ही थरथर पुष्कळ कमी होते. पांढऱ्या पिसांचे पदरही या उजेडात जळत नाहीत. चांदवा मात्र अवघडच. काळं अंग आणि पांढरं कपाळ असल्यामुळे कपाळासाठी अर्धा-एक स्टॉप कमीच ठेवावा.

होडीत ट्रायपॉड निरुपयोगी, कारण होडीचा डोल त्यातून सरळ कॅमेऱ्यात येतो. तांदूळ किंवा राजमा भरलेली बीन बॅग होडीच्या काठावर ठेवा, इंजिन बंद करायला सांगा आणि मग थांबा. थव्यात होडी घालून पक्षी उडवायला नावाड्याला कधीच सांगू नका. दमलेल्या, चरणाऱ्या पक्ष्यांना त्याचा त्रास होतो, आणि फोटोत येते ती फक्त पळणाऱ्यांची पाठ.

संध्याकाळ ढगांनी घालवली तर कॅलेंडरात संकष्टी बघा. त्या सुमाराला सूर्योदयावेळी चंद्र पश्चिमेला चांगला वर असतो. ढगाला खिंडार पडलं की डोक्यावरून जाणाऱ्या बगळ्यांच्या वाटेत तो सापडू शकतो. इथे पक्षी जवळून जातात, त्यामुळे लेन्स २०० मिमीवर आणा आणि चंद्र लहानच राहू द्या.