गेट ते गेट ८१ मीटर : आमची वाटचाल

पुण्यात बाणेरला हायवेच्या अलीकडे आमची मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर बनवून तिथेच विकायची जागा, २०१३ पासून आहे. ५०० लिटरचा ब्रूहाउस (बिअर शिजवायची भांडी), चार फर्मेंटर (ती आंबवायच्या टाक्या), त्या थंड ठेवणारा सेकंडहँड ग्लायकॉल चिलर, मी, माझा मेव्हणा आणि बँकेचे हप्ते. पहिली चार वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०१७ चं. हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्येच सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, हे रस्त्यालगतच्या दुकानांपुरतं असणार. ३१ मार्चला खुलासा आला की बारसुद्धा त्यात आले. २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या गावांना २२० मीटरची सवलत. आम्ही पडलो महापालिकेत. सर्व्हिस रोडपासून ३०० मीटरवर. १ एप्रिलला शटर खाली.

टाक्यांत तेव्हा १४०० लिटर माल होता, निम्मा गव्हाचा. गव्हाच्या बिअरला ताजेपणी पिकल्या केळ्याचा वास असतो. मेमध्ये टाकीचा नमुन्याचा नळ उघडला तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. एक्साइजच्या साहेबांसमोर खालचे व्हॉल्व्ह सोडले. मेव्हणा बाहेर जाऊन उभा राहिला. मी मात्र बघत होतो, आणि एवढ्यातही मनात आलं की फरशीला उतार बरोबर दिलाय, कुठे डबकं राहिलं नाही. (नवीन ब्रुअरी काढणाऱ्यांनी टाक्यांवर खर्च करण्याआधी उतारावर आणि नाल्यांवर करावा. कुणी ऐकत नाही.) बिअर आंबवणाऱ्या यीस्टच्या दोन बरण्या तेवढ्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, आमरसाच्या पातेल्याशेजारी.

जुलैत न्यायालयाने सांगितलं की महापालिका हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी लागू नाही. आम्ही पेढे वाटले. इथेच घाई झाली.

नूतनीकरणाचा अर्ज गेला आणि पाठोपाठ शेजारच्या सोसायटीची हरकत. ११२ सह्या. वास येतो, गाड्या कशाही लावतात, आणि सोसायटीच्या आवारातलं गणपतीचं देऊळ ७५ मीटरच्या आत आहे, म्हणजे परवाना देताच येत नाही. चेअरमन तर 'आडव्या बाटली'चं, म्हणजे दारूबंदीचं, मतदान घेऊ म्हणून सगळ्यांना सांगत फिरत होते.

तो हरकतीचा अर्ज मी रात्री तीनदा वाचला. त्यात प्रत्येक ठिकाणी 'बीयार' असं छापलेलं. असं लिहिलेला एकच बोर्ड अख्ख्या बाणेरात मला माहीत होता, मागच्या गल्लीतल्या परमिट रूमवाल्याचा. आम्ही बंद होतो त्या महिन्यांत आमचे दोन वेटर आणि शुक्रवारची ऑफिसवाली गर्दी त्याच्याकडे गेली होती. त्याची जागा हायवेपासून जरा आत, म्हणून त्याला एक दिवसही टाळं लागलं नाही. धंद्यात स्पर्धा असते, मान्य. पण समोरून या ना! सोसायटीतल्या आजीबाईंच्या सह्यांआडून कशाला?

मोजणीला इन्स्पेक्टर, दोन जवान आणि ३० मीटरची टेप आली. चेअरमनचं म्हणणं, कंपाउंडच्या भिंतीवरून सरळ मोजा. तसं ६३ भरलं असतं. इन्स्पेक्टरने नियम वाचून दाखवला: माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेने चालत जातो त्या वाटेने, दोन्ही फाटकांच्या मध्यापासून. पहिली खडूची खूण ट्रान्सफॉर्मरपाशी, दुसरी इस्त्रीवाल्याच्या टपरीपुढे. तिसऱ्या वेळी टेप आमच्या गेटच्या बरोबर मधोमध २१ वर थांबली. ८१. चेअरमननी टेप पुन्हा ताणून बघितली. ८१च.

देवळाचं मिटलं, वासाचं राहिलं. आणि प्रामाणिकपणे सांगतो, ती तक्रार खरी होती. वर्ट (माल्टचं गोड पाणी) उकळतानाच्या वासाने कुणाचं काही बिघडत नाही, पण माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, ओला चोथा उन्हात चार तास राहिला की आंबतो. तो चोथा सूसचे गोठेवाले मामा न्यायचे, अगदी पहिल्या बॅचपासून, बावीस म्हशींसाठी. बंदीतही ते दर मंगळवारी टेम्पो घेऊन यायचे, रिकामी पिंपं बघायचे आणि "चालू हुईल" म्हणून परत जायचे. एवढी वर्षं बिअर नेणारं एकही गिऱ्हाईक असं आलं नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सुनावणीला मी वकील नेला होता. मामा न बोलावता आले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, "साहेब, वास ह्यांचा न्हाई, माझ्या उशिराचा हाय. धार काढून, डेअरीला दूध घालून याला चार वाजत्यात. आता थोरल्याला धाडतो, अकराच्या आत उचलंल." वकिलाची तयारी तशीच राहिली.

परवाना मिळाला तो अटींवर: पिंपांना झाकण, चोथा दुपारच्या आत बाहेर, गाड्या लावायला आमचा माणूस, रात्री दहानंतर बाहेर स्पीकर नाही. शेवटची अट तर कायद्यातच होती, तरी लिहून घेतली. गणपती झाल्यावर शटर वर गेलं. बरणीतलं यीस्ट दुसऱ्या दिवशी फसफसलं. त्यानंतरची वर्षं, मधला कोविड सोडला तर, ठीक.

जागा बघायला जाल तेव्हा इंटिरियरवाल्याआधी टेप घेऊन जा. आणि करारावर सही करण्यापूर्वी शेजाऱ्यांकडे एकदा चहा प्या. मी प्यायलो नव्हतो.

इस्त्रीवाल्याच्या टपरीपुढची ती खूण मी ऑइलपेंटने पक्की करून घेतली. महापालिकेने तेवढ्यात दोनदा रस्ता खोदला. दोन्ही वेळा मी पुन्हा टेप लावून रंगवली. चेअरमन रोज सकाळी तिच्यावरून फिरायला जातात.