खालची सही माझीच होती

बुधवार म्हणजे आमच्याकडे दिव्यांग बोर्ड. मी सरकारी दवाखान्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, विदर्भातलाच एक जिल्हा, नाव लिहीत नाही. लोकांना वाटतं बोर्ड म्हणजे डॉक्टर तपासतात आणि सर्टिफिकेट देतात. खरं तर अर्धा दिवस ओटीपीत जातो. स्वावलंबन या दिव्यांग कार्डाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना मोबाईल नंबर पुतण्याचा दिलेला असतो, पुतण्या पुण्याला कंपनीत, तो फोन उचलत नाही आणि आई आमच्यासमोर उभी. आमचा डेटा एंट्रीचा पोरगा तीस-तीसदा फोन लावतो, एकदाही चिडत नाही. त्याचा कंत्राटी पगार चार-चार महिने येत नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे.

तर मागच्या महिन्यातल्या एका बुधवारची गोष्ट. तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले.

साठीच्या पुढची एक मावशी एकतीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. नाव बदलून सांगते, गजानन म्हणू. जुनं सर्टिफिकेट कागदी, लॅमिनेशन पिवळं पडलेलं, त्यावर 'मतिमंदत्व, सौम्य, ५० टक्के'. निराधारचे पैसे आणि एसटीची सवलत, दोन्ही त्याच कागदावर. आता ऑनलाइन कार्ड पाहिजे म्हणून तलाठ्याने पाठवलेलं. असे दिवसाला पाच-सहा येतात, त्यात नवं काही नाही. मी रेकॉर्डमधून जुनी फाईल मागवली, मिळाली हेच नवल, उघडली तर वर्ष २०११ आणि तपासणीच्या कागदावर खाली सही माझी.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमीच होत्या ना तवा? तवा तुमाले चष्मा नोता."

मला मात्र ती आठवत नव्हती. नोकरीचं पहिलं वर्ष होतं ते.

२०११ ला मी त्याला बिने-कामत लावली होती. ही टेस्ट आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात आहे, मराठीत आहे, पण तिच्यात बोलणं फार. प्रश्न विचारायचा, मुलाने शब्दात उत्तर द्यायचं. गजानन सतरा वर्षांचा होता. माझ्या अक्षरात एकेक आयटमसमोर शून्य, शून्य, शून्य, बुद्ध्यांक ५८. आणि समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: 'विचारलेलंच परत बोलतो. पंखा सुरू केला की कानावर हात.' ही ओळ मीच लिहिली होती आणि लिहून तशीच सोडून दिली होती.

या बुधवारी मी रेव्हन्स नावाची टेस्ट लावायचं ठरवलं. यात बोलायचं नसतं, नक्षीतला एक तुकडा कापलेला असतो, खालच्या तुकड्यांपैकी कुठला बसेल ते दाखवायचं. बारा-बाराचे पाच संच, एकूण साठ. आधी मी पंखा बंद केला, टोकनच्या स्पीकरचा आवाज येतो म्हणून दार लावलं आणि पुस्तक त्याच्यापुढे ठेवून गप्प बसले. चारेक मिनिटं काहीच नाही. मग त्याने पहिल्या नक्षीवर अख्खा तळवा ठेवला, बोट नाही, तळवा, आणि हळूहळू सरकवत बरोबर तुकड्यावर आणून थांबवला. पुढचं पान. पुन्हा तळवा. साठच्या साठ पानं त्याने अशीच केली, मध्ये एकदाही उठला नाही, आणि शेवटच्या संचातली काही चुकली ती बऱ्याच जणांची चुकतात. निकाल सरासरी. साधा, सरळ, तुमच्या-आमच्यासारखा सरासरी.

बुद्ध्यांक सरासरी आला की आनंद व्हायला पाहिजे ना? माझ्या पोटात गोळा आला.

कारण सरकारी गाइडलाइनप्रमाणे बौद्धिक अक्षमतेत नुसता बुद्ध्यांक बघत नाहीत, रोजचं जगणं बघतात, त्यासाठी व्हीएसएमएस नावाचं स्केल लावतात. मूळ स्केल अमेरिकेतलं, पण भारतभर जे वापरतात ते आपल्या नागपूरचं आहे, डॉ. मालीन यांनी नागपुरात केलेलं, नावातच 'नागपूर अ‍ॅडाप्टेशन' आहे. ८९ आयटम. दिल्ली-बंगलोरच्या ट्रेनिंगला गेले की मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्यात अजून 'छोटी पत्रं लिहितो का' असं विचारावं लागतं, आता पत्र कोण लिहितं, मी स्वतः शेवटचं कधी लिहिलं आठवत नाही. गजानन अंघोळ स्वतः करतो, मंगळवारच्या बाजारात एकटा जाऊन ठरलेलंच सामान आणतो, मजुरीने कापूस वेचायला जातो. शेतमालक त्याला मुद्दाम बोलावतात कारण त्याच्या कापसात काडीकचरा नसतो. फक्त त्याला त्याची ओळ पूर्ण करू द्यायची, अर्ध्यातून उठवून दुसऱ्या ओळीला लावलं की तो धुऱ्यावर बसून राहतो, दिवसभर. हिशोब केला तर स्कोअर ७४. सीमारेषेवर. म्हणजे अपंगत्व २५ टक्के. पैशांसाठी लागतात ४०.

मी टाळत होते तोच प्रश्न मावशीने विचारला. "पैसे बंद होतीन का?"

रेषा कुणाच्या अंगावरून कशी सरकते हे मी पुस्तकात शिकले होते. साठच्या दशकात अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने मतिमंदत्वाची रेषा साधारण ८५ बुद्ध्यांकाला ठेवली होती, १९६८ च्या डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक विकारांची यादी देणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, तर रेषेजवळच्यांसाठी 'सीमारेषेवरचे मतिमंद' असा वेगळा खाना होता. ८५ च्या खाली शंभरातली सोळा माणसं येतात. १९७३ ला तीच रेषा ७० वर आणली, तिथे शंभरात दोन-अडीच. मधली सगळी माणसं एका व्याख्येने मतिमंद झाली आणि दुसरीने सुटली. परीक्षेत हे लिहून मी मार्क घेतले होते. समोरच्या खुर्चीवर ते माणूस बसलेलं असतं तेव्हा वेगळं असतं.

तर मी मावशीला लहानपणापासून सांगायला सांगितलं. बाहेर चाळीस जण थांबलेले, शिपाई दोनदा डोकावला, मी म्हटलं थांब.

तीन वर्षांचा होता तेव्हा हाक मारली तर बघायचा नाही, बहिरा आहे असं सगळ्यांना वाटायचं, पण लांबच्या पिठाच्या चक्कीचा आवाज आला की पळत जायचा. लग्नाचा बँड आला की घरात कोठीमागे. आणि मग ती म्हणाली, "बोलाले लागला तं उलटंच बोले. तान लागली का म्हने, तुला पानी पायजे. त्याले सोताले पायजे राहे, पन म्हने तुला." मी पेन खाली ठेवलं. 'मी' च्या जागी 'तू' म्हणणं, विचारलेलंच परत म्हणणं, कानावर हात, ठरलेल्या क्रमातून हलवलं की बसून राहणं. ऑटिझमच्या व्याख्यानात शिकवतात तसं एकामागून एक ती माउली सांगत होती, आणि यातलं निम्मं २०११ ला माझ्या समोर घडलं होतं.

मग मला तेव्हा दिसलं का नाही? दिसलं, लिहिलंही. पण १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सात होते, त्यात मतिमंदत्व होतं, मानसिक आजार होता, ऑटिझम नव्हता. फॉर्मवर खानाच नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात ऑटिझमचं नाव आलं होतं, पण टक्के काढून सर्टिफिकेट द्यायचं तर आमच्या हातात तेच सात. ऑटिझमच्या कितीतरी मुलांना तेव्हा मतिमंदत्वाचाच कागद मिळायचा. २०१६ च्या कायद्यात प्रकार २१ झाले, तेव्हा खाना आला. पुस्तकंही हलत होती. १९६८ च्या डीएसएममध्ये अशी मुलं बालपणीच्या स्किझोफ्रेनियात टाकायचे, १९८० ला ऑटिझम वेगळा झाला, २०१३ ला अ‍ॅस्पर्गर वगैरे वेगवेगळ्या नावांचे प्रकार मिळून ऑटिझमचा एकच स्पेक्ट्रम झाला, आवाज-स्पर्श सहन न होणं हा निकषात आला, आणि लक्षणं आत्ता नसली तरी पूर्वी होती हे इतिहासावरून धरता येईल असंही त्यात स्पष्ट लिहिलं. म्हणजे 'तुला पानी पायजे' हे आता पुराव्यात धरता येतं.

हे सगळं खरं आहे आणि तरी मला पुरत नाही. खाना नव्हता, पण रिपोर्टमध्ये शेरा लिहायला कुणी अडवलं नव्हतं. शाळेला एक चिठ्ठी देता आली असती. तो सतरा वर्षांचा होता, मावशी म्हणते त्यानंतर त्याला शाळेत पाठवलंच नाही, कारण कागदावर मतिमंद आलं, मास्तर म्हणाले आता कायले. तो कागद मी दिला होता.

मी आयएसएए लावलं. हे भारतात बनलेलं ऑटिझमचं स्केल, चाळीस आयटम, प्रत्येकाला एक ते पाच, वेळेच्या किती टक्के ते वागणं दिसतं त्यावर. ७० च्या खाली आलं तर ऑटिझम नाही. आयटम लहान मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत, 'एकट्याने तेच तेच खेळतो' हे एकतीस वर्षांच्या कापूस वेचणाऱ्या माणसाला कसं लावायचं? प्रत्येक आयटमला मी मावशीकडून उदाहरण घेतलं आणि लिहून काढलं, दीड तास लागला. स्कोअर ९१, सौम्य गट, ४० टक्क्यांच्या वर जातो.

बोर्डावरचे एक डॉक्टर म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाला कुठला ऑटिझम, तो लहान पोरांचा आजार. ऑटिझमचं पोर मोठं झालं की कुठे जातं, असं मी विचारलं. ते गप्प झाले, पण सही नाही केली. सेकंड ओपिनियनसाठी मोठ्या हॉस्पिटलला लिहून दिलं. वाईट माणूस नाही तो, दिवसाला सत्तर पेशंट बघतो, पण त्याचं पुस्तक एमबीबीएसच्या वर्षात थांबलंय आणि दंड मावशीला, दोघांचं येण्या-जाण्याचं भाडं आणि ऐन वेचणीच्या दिवसांतली दोन दिवसांची मजुरी.

मी मावशीला समजावून सांगायला बसले. मतिमंद नाही म्हटल्यावर तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती घाबरली. मतिमंद म्हटलं की गावात कळतं, कुणी त्रास देत नाही, दुकानदार सुटे पैसे नीट मोजून देतो. हा नवा शब्द कुणाला सांगायचा? मी कागदावर मोठ्या अक्षरात 'स्वमग्नता' लिहून दिलं, सरकारी मराठीत हाच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ सांगितला, स्वतःतच मग्न असणं.

तिने मान हलवली. "नाई मॅडम, हे चुकीचं हाये. तो सोताच्यातच कुठी राह्यते? मले बाजारातून याले अंधार झाला तं फाट्यावर येऊन उभा राह्यते. बोलत नाई, पन पिशवी हातातून घेते."

मी ते वाक्य आहे तसं रिपोर्टमध्ये लिहिलं, तिच्याच शब्दात, आणि २०११ च्या पानाची झेरॉक्स मागे जोडली, पेन्सिलीची ओळ दिसेल अशी. झेरॉक्समध्ये पेन्सिल उमटत नव्हती, तर डेटा एंट्रीच्या पोराने तीन वेळा काळपटपणा वाढवून काढली. मोठ्या हॉस्पिटलची तारीख पुढच्या सोमवारची आहे. मी तिथल्या ओळखीच्या मॅडमला फोन करून ठेवलाय, खोलीतला पंखा बंद ठेवा म्हणून सांगितलंय, आणि चार मिनिटं काही बोलू नका.