संपातली रात्रपाळी
२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर शासनात विलीनीकरणाची मागणी करत सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ उजाडले तरी मिटला नव्हता. अपुऱ्या पगाराचे त्यांचे गाऱ्हाणे मला मनापासून पटत होते. तरीही एके दिवशी रुग्णालयातली रात्रपाळी संपवून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसताना डोळे भरून आले. पहाटे एका रुग्णाचा मुलगा, सलाईन बदलायला पाच मिनिटे उशीर झाला म्हणून, सगळ्या वॉर्डासमोर मला वाटेल तसे बोलला. त्याआधी, बस नसल्याने चार दिवस ड्रेसिंग चुकलेले मधुमेहाचे एक आजोबा पायी चालत आले होते. जखमेला घट्ट चिकटलेली पट्टी सलाईनने भिजवून हळूहळू सोडवत असताना तेही माझ्यावरच ओरडले, आणि मी त्यांना उलट बोलले. तेवढे मात्र मनातून जात नाही.