ईटीपीतलं पाणी आणि ताटलीवरचं कडं

एरेशन टाकी, म्हणजे हवा सोडून जीवाणूंकडून सांडपाणी साफ करून घ्यायची टाकी, मेली की आधी नाकाला कळतं. मातकट वास जाऊन कुजका येतो. कुरकुंभच्या एका बल्क ड्रग (औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या) कंपनीत मी ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प बघतो. त्या सोमवारी मोजपात्रातला गाळ अर्ध्या तासानंतरही खाली बसेना. शनिवारी रात्री सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं मदर लिकर (औषधाचे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेलं पाणी) एकदम सोडलं होतं, हे प्रॉडक्शनवाल्यांनी दोन दिवसांनी कबूल केलं. जीवाणू मारायचं औषध थेट जीवाणूंच्या टाकीत!

साखर कारखान्यातून जिवंत गाळाचा टँकर आणला, शेण घातलं, गूळ घातला. टाकी उभी राहायला तीन आठवडे गेले.

मग ठरलं, पाणी एरेशनला जाण्याआधी फेंटन करायचं, म्हणजे त्यातलं औषध रसायनानं तोडायचं. आम्लानं पीएच 3 वर आणायचा, हिराकस टाकायचं, मग पेरॉक्साइड. पहिल्याच दिवशी मी पेरॉक्साइड भसकन ओतलं आणि सगळं उकळून टेबलावर आलं. तेव्हापासून थेंबाथेंबानं. शेवटी चुन्यानं पीएच 8 केला की तांबूस गाळ खाली बसतो.

पण सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उतरायच्या ऐवजी चढला. केमिस्टशी माझं दुपारभर वाजलं. चूक दोघांचीही नव्हती. उरलेलं पेरॉक्साइड चाचणीतलं डायक्रोमेट खातं आणि आकडा फुगवतं. बायसल्फाइटनं ते मारल्यावर आकडा खाली आला. एरेशननंतरचं पाणी तर लिटरला 250 मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसलं.

सगळे खूश, मला मात्र शंका. सीओडीत औषध वेगळं दिसत नाही. क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) मायक्रो लॅबमधल्या मॅडमना गळ घातली. त्यांनी अगारच्या (जीवाणू वाढवायच्या जेलीच्या) ताटलीवर ई. कोलाय जीवाणू पसरले, मध्ये भोक पाडून आमचं 'पास' झालेलं पाणी घातलं. (पीएच 7 करून, पेरॉक्साइड संपल्याची पट्टीनं खात्री करून; नाहीतर त्यानंही जीवाणू मरतात.) सकाळी भोकाभोवती स्वच्छ कडं, म्हणजे तिथे जीवाणू वाढलेच नव्हते. औषध जिवंत होतं.

2007 मध्ये हैदराबादजवळच्या पटणचेरूत प्रक्रिया केलेल्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो सापडलं होतं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. तरी सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या मर्यादा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2020 च्या मसुद्यात आल्या आणि 2021 च्या अंतिम नियमांतून गेल्या. म्हणजे ते कडं मला कोणी विचारणार नव्हतं.

घोळ आमच्या पाइपांत होता. सगळं पाणी एकत्र, त्यामुळे पेरॉक्साइड औषधाऐवजी मिथेनॉल या सॉल्व्हंटवरच खर्च व्हायचं. मदर लिकरची वेगळी लाइन टाकायला चार महिने भांडलो. प्रॉडक्शनला व्हॉल्व्ह फिरवायचाही कंटाळा. आता आधी स्ट्रिपरमध्ये तापवून सॉल्व्हंट उडवून काढतो, मग फेंटन. चौथ्या ताटलीला कडं उमटलं नाही.

मग सहज फिल्टर प्रेसमध्ये दाबून निघालेली गाळाची वडी पाण्यात कालवून ताटलीवर ठेवली. रुपयाएवढं कडं! सिप्रो गाळाला चिकटून बसतं. गाळ रांजणगावला घातक कचऱ्यात जातो म्हणून ठीक. गेल्या महिन्यात गेटवर एक शेतकरी दादा ट्रॉली घेऊन उभे होते, "साहेब, वाळलेला गाळ द्या की खताला." मी त्यांना आत नेऊन ताटली दाखवली. त्यांनी ती उजेडाला धरून पाहिली, आणि ट्रॉली रिकामीच नेली.