ग्रेट अलेगेनी पॅसेज: मुलांसह सायकलप्रवासाचे थांबे कसे ठरवावेत

मेरीलँडमधील कम्बरलँडपासून पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गपर्यंत सुमारे २४० किलोमीटर जाणारा ग्रेट अलेगेनी पॅसेज हा मार्ग, मुलांना घेऊन लांबचा सायकलप्रवास करू पाहणाऱ्या अमेरिकेतील मराठी कुटुंबांना मी आग्रहाने सुचवते. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या जागेवर तो टप्प्याटप्प्याने उभा राहिला. ओहायोपाइलजवळचा पहिला भाग १९८६ मध्ये खुला झाला आणि २०१३ मध्ये मार्ग पूर्ण झाला. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे येथे छाती दडपून टाकणारी चढण कुठेही नाही. बहुतांश भागात चुनखडीची बारीक, दाबलेली खडी असल्याने जरा रुंद टायरांची साधी सायकलही व्यवस्थित चालते.

नियोजनाला बसल्यावर एकूण किलोमीटरांना हाती असलेल्या दिवसांनी भागण्याचा मोह होतो. मुले बरोबर असतील तर मी या हिशेबाच्या विरोधात आहे. आधी जेवणाची गावे नकाशावर मांडावीत, मग पाहण्याजोग्या जागा, आणि त्यातून दिवसाचे अंतर जे निघेल ते मान्य करावे. याचे कारण असे की या मार्गावरील गावे सारख्या अंतरावर वसलेली नाहीत. कुठे ती जवळजवळ येतात, तर कुठे तासन्‌तास फक्त नदी आणि जंगल सोबतीला असते.

पहिला निर्णय दिशेचा. मार्गाचा सर्वांत उंच बिंदू, म्हणजे पूर्वेकडील खंडीय जलविभाजक (पावसाचे पाणी दोन दिशांना विभागणारी उंच धार), समुद्रसपाटीपासून ७२९ मीटरवर आहे आणि तो कम्बरलँडपासून केवळ ३८ किलोमीटरवर येतो. त्यामुळे कम्बरलँडहून निघाल्यास सगळी चढण सुरुवातीलाच एकवटते, मात्र त्यानंतर पिट्सबर्गपर्यंतचे दोनशे किलोमीटर बहुतेक हलक्या उताराचे असतात. मुलांसाठी हीच दिशा मला योग्य वाटते. चढणीवर एक चांगला उपायही आहे. वेस्टर्न मेरीलँड सीनिक रेलरोडची पर्यटक गाडी कम्बरलँडहून फ्रॉस्टबर्गला जाते आणि आधी आरक्षण केल्यास सायकलीही तिच्यातून नेता येतात. गाडी रोज धावत नाही, म्हणून संपूर्ण सहलीची तारीख तिच्या वेळापत्रकावरून ठरवावी. पहिले २५ किलोमीटर वाचतात आणि लहानांना सहलीची सुरुवात आगगाडीने झाल्याचा आनंद मिळतो तो वेगळाच.

फ्रॉस्टबर्ग गाव मार्गाच्या वर, टेकडीवर आहे. खाण्यासाठी तेथे चढून जाणे मुलांच्या पायांना महागात पडते, म्हणून त्या दिवसाचे दुपारचे जेवण कम्बरलँडहूनच बांधून घ्यावे. आपल्याकडच्या प्रवासाच्या शिदोरीचे महत्त्व मला येथे विशेष जाणवते. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी आणि शेंगदाण्याची चिक्की हे पदार्थ न फ्रीजचे, न गरम करण्याचे, आणि सायकल चालवणाऱ्याला जी पिष्टमय व गोड ऊर्जा सतत लागते ती नेमकी त्यांत असते. मुले भूक लागल्याचे उशिरा सांगतात. तोवर ती चिडचिडी झालेली असतात. म्हणून पाऊण तासाने दोन घास आणि तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, हा क्रम मोठ्यांनीच सांभाळावा. उन्हाळ्यात पाणी याहून अधिक लागते.

फ्रॉस्टबर्ग ते मायर्सडेल हा सुमारे २६ किलोमीटरचा टप्पा प्रेक्षणीय स्थळांनी इतका भरलेला आहे की त्याला पूर्ण दिवस द्यावा. आधी बॉर्डन बोगदा लागतो, मग मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यामधील, १७६३ ते १७६७ या काळात आखलेली मेसन-डिक्सन रेषा. तिच्या पुढे बिग सॅव्हेज बोगद्याच्या अलीकडे दरीकडे उघडणारे विस्तीर्ण दृश्य आहे आणि शिदोरी सोडण्यासाठी याहून चांगली जागा या टप्प्यात नाही. बोगदा जवळपास एक किलोमीटर लांबीचा असून आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो. मुलांचे जाकीट पिशवीच्या तळाशी न ठेवता वर ठेवावे. हिवाळ्यात, साधारणपणे डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, तो बंद ठेवतात. बोगद्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर जलविभाजक येतो. येथे एका बाजूला पडलेले पावसाचे पाणी चेसापीक उपसागराकडे जाते आणि दुसऱ्या बाजूचे ओहायो व मिसिसिपी नद्यांमधून मेक्सिकोच्या आखाताकडे. भूगोलाचा हा धडा मुलांना पुस्तकापेक्षा येथे लवकर कळतो. मायर्सडेल सोडल्यावर थोडे पुढे लागणारा सॉल्सबरी व्हायाडक्ट हा सुमारे ५८० मीटर लांबीचा जुना रेल्वेपूल मात्र सायकलवरून उतरून, चालत ओलांडावा. खाली कॅसलमन नदीचे खोरे, रस्ते आणि रेल्वे एकाच नजरेत दिसतात.

मायर्सडेलला जुन्या स्थानकाच्या इमारतीत पर्यटक केंद्र आहे. तेथून पुढचा दिवस खाण्याच्या दृष्टीने सर्वांत काळजीचा. रॉकवुड सुमारे २० किलोमीटरवर आणि त्यापुढे कॉन्फ्लुएन्सपर्यंतच्या जवळजवळ ३० किलोमीटरमध्ये भरवसा ठेवावा असे खाण्याचे ठिकाण नाही. रॉकवुडलाच पोटभर खाऊन पाण्याच्या सगळ्या बाटल्या भराव्यात आणि पिंकर्टन बोगद्याच्या परिसरातील विश्रांतीसाठी सुका खाऊ राखून ठेवावा. लहान गावांतील उपाहारगृहे आठवड्यातले काही दिवस बंद असतात आणि संध्याकाळी लवकर आवरतात, म्हणून आदल्या दिवशी दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. त्याच वेळी शाकाहारी काय मिळेल हेही विचारावे. पिझ्झा, बटाटे आणि पॅनकेक यांवर एक-दोन जेवणे निभतात, पण रोज तेच आले की मुले कंटाळतात. अशा वेळी भिजवलेले पोहे आणि लोणच्याची छोटी बाटली फार उपयोगी पडते.

कॉन्फ्लुएन्स येथे कॅसलमन नदी आणि लॉरेल हिल ओढा योकोगेनी नदीला मिळतात. तेथून ओहायोपाइल फक्त १७ किलोमीटर आहे, आणि अंतर इतके कमी ठेवण्यामागे हेतू आहे. ओहायोपाइलला दुपारच्या आत पोहोचून पुढचा पूर्ण दिवस तेथेच राहावे, असे माझे ठाम मत आहे. गावातच नदीचा सुमारे सहा मीटर उंचीचा धबधबा आहे. मेडो रन ओढ्यातील खडकांची नैसर्गिक घसरगुंडी पाणी मध्यम असेल तरच मुलांसाठी योग्य. पावसानंतर तेथे जाऊच नये. फर्नक्लिफ द्वीपकल्पावरची पायवाट सायकलने आखडलेले पाय मोकळे करण्यासाठी उत्तम आहे.

वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये आराखडा केलेले, थेट धबधब्यावर बांधलेले फॉलिंगवॉटर हे घरही येथून सहासात किलोमीटरवरच आहे. २०१९ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे जाणारा रस्ता चढउताराचा आणि मोटारींचा असल्यामुळे मुलांना सायकलवर नेऊ नये. वाहनाची सोय आधी करावी. घराच्या आतील मार्गदर्शित फेरीसाठी मुलांच्या वयाची अट असते आणि प्रवेशपत्रे लवकर संपतात. त्यामुळे सहलीचे पहिले आरक्षण फॉलिंगवॉटरचे, दुसरे ओहायोपाइलमधील मुक्कामाचे, आणि बाकीच्या रात्री त्यांच्या मागेपुढे बसवाव्यात.

ओहायोपाइल ते कॉनेल्सव्हिल या सुमारे २७ किलोमीटरमध्ये गाव नाही, तेव्हा न्याहारी करून आणि डबा घेऊनच निघावे. कॉनेल्सव्हिलनंतर वाटेच्या कडेला दगडी कोळशापासून कोक बनवण्याच्या जुन्या भट्ट्यांचे अवशेष दिसतात. हा कोक पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत जात असे, आणि पिट्सबर्गच्या अलीकडच्या होमस्टेडला मुलांना ही साखळी पूर्ण करून दाखवता येते. तेथे नदीकाठच्या पंप हाउसजवळ ६ जुलै १८९२ रोजी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पोलाद कारखान्यातील संपकरी कामगार आणि पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेची माणसे यांच्यात रक्तरंजित चकमक झाली होती.

कॉनेल्सव्हिल ते वेस्ट न्यूटन ४० किलोमीटर आणि तेथून पिट्सबर्ग ५८. शेवटचे अंतर दहाबारा वर्षांच्या मुलांना जड जाते. मॅककीस्पोर्टला मुक्काम करून ते दोन दिवसांत विभागता येते, नाहीतर वेस्ट न्यूटनलाच गाडी बोलावून प्रवास थांबवावा.