तीनदा रिफ्रेश

मागच्या रविवारी दुपारी जेवण अंगावर येऊन डोळे मिटायला लागले होते, तेवढ्यात काकांनी बेल वाजवली. काका म्हणजे आमच्या सोसायटीचे खजिनदार. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले, आता सत्तरीला टेकलेत, आणि इंदिरानगरातल्या आमच्या बत्तीस फ्लॅटांच्या मेंटेनन्सचा हिशेब पैशापर्यंत जुळल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

“अगं, तो कॉम्प्युटर बोंबलतोय. चल जरा.”

मी अंबडच्या एका कारखान्यात पगारपत्रकं करते. पण सोसायटीच्या लेखी जिच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे ती कॉम्प्युटरवाली. लोकांचे प्रिंटर, वायफाय, एकदा तर मिक्सरसुद्धा माझ्याकडे आलाय.

वॉचमनच्या खोलीला लागून सोसायटीचं ऑफिस आहे. तिथला कॉम्प्युटर कुणीतरी घर बदलताना देऊन टाकलेला. काकूंनी त्याला जुन्या साडीचे अभ्रे शिवलेत, मॉनिटरला वेगळा आणि सीपीयूला वेगळा. अभ्रे काढून बटण दाबलं. पडद्यावर अंधार, आणि आतून एक लांबलचक बीप. मग जरा शांतता. मग पुन्हा तसाच बीप.

माझी झोप उडाली. पंचवीस वर्षांनी हाक मारली होती कुणीतरी.

“काका, खोडरबर आहे का?”

डॉक्टरने लिंबू-मिरची मागितल्यासारखे काका माझ्याकडे बघत राहिले.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा मी आठवीत होते, साल १९९८. चित्रकलेच्या खोलीतले स्टूल आणि वाळलेले रंग बाहेर काढून तिथे लॅब झाली. आठ कॉम्प्युटर, निळे पडदे, आणि अख्ख्या शाळेतला एकमेव एसी. हेडसरांच्या खोलीतसुद्धा पंखाच होता. जानेवारीत तिकडे निफाडला थंडीने द्राक्षं जाऊ नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटायच्या आणि इकडे आम्ही एसीखाली दात वाजवत बसायचो. एसी बंद करा म्हणायची कुणाची छाती नव्हती. कॉम्प्युटरला गरम होतं म्हणे.

आणि चपला-बूट बाहेर. हे तर सगळ्यांच्याच शाळेत असणार. धूळ आत जाते, हे कारण नंतर कळलं. तेव्हा आम्हाला ते देवळासारखंच वाटायचं, आणि नाशिकच्या पोरांना देवळाबाहेर चपला काढायला कारण कुठे लागतं? चोवीस जोड एकावर एक पडायचे आणि तास सुटला की दहा मिनिटं डावा-उजवा जुळवण्यात जायची. फाटका मोजा असला की मी तो अंगठ्याखाली दुमडून चालायचे. पहिल्या दसऱ्याला प्रत्येक मॉनिटरला हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं. शिपाईमामांनी भक्तिभावाने फ्लॉपीच्या फटीलाही कुंकवाचं बोट लावलं. तो ड्राइव्ह पुढे कधी नीट चालला नाही.

एका कॉम्प्युटरवर तिघं बसायचो (बाकीचा अर्धा वर्ग मागे शिवणकामाला). एकाकडे माउस, एकाकडे कीबोर्ड, तिसरा बघ्या. मुलगी असेल तर बहुतेक बघी. पण बघ्याला एक फायदा असतो, त्याचं लक्ष सगळीकडे असतं.

सर फळ्यावर व्याख्या लिहायचे: ज्याला हात लावता येतो ते हार्डवेअर, ज्याला हात लावता येत नाही ते सॉफ्टवेअर. आम्हाला कशालाच हात लावायची परवानगी नव्हती. त्या हिशेबाने आमच्यासाठी अख्खा कॉम्प्युटरच सॉफ्टवेअर होता. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, मग वीज सॉफ्टवेअर का?” सर खडू खाली ठेवून म्हणाले, “लाव हात, मग सांग.”

बाकी सगळं पाठांतर. संगणकाचे जनक चार्ल्स बॅबेज. एनिॲक नावाचा अवाढव्य जुना संगणक, १९४६, व्हॅक्यूम ट्यूब सुमारे १८,०००, वजन ३० टन. सरांनी हिशेब करून सांगितलं, द्राक्षांचे तीन ट्रक. इंटेल ४००४ ही चिप, १९७१, ट्रान्झिस्टर २,३००. फ्लॉपीत मावतं १.४४ एमबी. हे आकडे अजून रात्री झोपेतून उठवून विचारा. माझ्या आत्ताच्या लॅपटॉपमध्ये काय किती आहे ते मात्र बिल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

एकदा सर आमच्यासमोर विंडोज ९८ टाकत होते. त्यात बराच वेळ नुसती ती निळी पट्टी पुढे सरकताना बघायची असते. पावसाळ्याचे दिवस. सकाळीच सगळे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पूर बघून आलेले. पूर किती चढला ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून मोजायचं. ज्या डोळ्यांनी त्या मारुतीकडे बघायचं त्याच डोळ्यांनी आम्ही पट्टीकडे बघत होतो. गुडघ्यापर्यंत आलं. कमरेपर्यंत आलं. छातीपर्यंत आलं. मग कितीतरी वेळ छातीलाच अडकलं. “धरण सोडायला पाहिजे सर,” कुणीतरी म्हणालं. आजही कुठलीही फाइल डाउनलोड होताना अर्ध्यावर गेली की माझ्या मनात ‘कमरेपर्यंत’ येतंच.

पण मला सांगायचं होतं खोडरबराबद्दल.

नववीत असताना एकदा आठातला एक बंद पडला. असाच ओरडायला लागला, लांब लांब. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं तर त्याचा फोन लागत नव्हता. सरांनी दोन मिनिटं विचार केला, मग टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, डबा आडवा केला आणि स्क्रू काढायला घेतले. आम्ही सगळे भोवती. झाकण निघालं. आत काय होतं म्हणता? बरीचशी रिकामी जागा. वायरी, एक पंखा, आणि इतकं सोवळं पाळूनही बोटभर धूळ.

“सीपीयू कुठाय सांगा.” सगळ्यांनी अख्ख्या डब्याकडे बोट दाखवलं. सर हसले. पंख्याखाली लपलेली चपटी चीज दाखवून म्हणाले, “हा सीपीयू, कॉम्प्युटरचा मेंदू. तुम्ही म्हणता तो नुसता डबा.” खोटं कशाला बोलू, माझा विरस झाला. गाभाऱ्यात एवढी रांग लावून आत सुपारीएवढा देव निघावा तसं. (वाचणाऱ्यांनी मनावर हात ठेवून सांगावं. अजूनही आपण सगळे डब्यालाच सीपीयू म्हणतो की नाही? मीच वर म्हटलंय.)

मग त्यांनी दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या खिट्ट्या मागे ओढून एक हिरवी पट्टी उपसली. ही रॅम, कॉम्प्युटरची कामापुरती स्मरणशक्ती. ३२ एमबी. खालच्या कडेला बारीक सोनेरी दात, एका बाजूला ८४, मी मोजले. “कुणाकडे स्वच्छ खोडरबर आहे? वासाचा नको.” वर्गात बहुतेकांकडे वासाचेच होते, स्ट्रॉबेरीचे, एक तर चक्क अननसाचा. माझ्याकडे अप्सराचा साधा पांढरा होता, कालच घेतलेला. सरांनी पट्टी माझ्याच हातात दिली. “कडेला धर. दातांना बोट लावू नकोस. उभा घास, आडवा नाही.”

मी घासलं. चुकलेलं गणित खोडावं तसं, पण जरा जपून. खोडरबराचे काळपट वळसे वर्तमानपत्रावर पडत होते आणि एकेक दात उजळत होता. दाताला आणि खाचेतल्या पत्तीला एकमेकांना टेकायचं असतं, मध्ये मळाची साय आली की बोलणं बंद, एवढंच ते दुखणं. उलटी बाजू घासली. फुंकर मारली. सर म्हणाले, आता दोन्ही अंगठ्यांनी दाब. मी भीत भीत दाबलं. “अजून.” अजून दाबलं. कट् कट्. खिट्ट्या आपोआप मिटल्या.

बटण दाबल्यावर एकच छोटा बीप आला. त्या बीपसारखा आवाज मी नंतर बाळंतपणात ऐकला, बस.

त्याच दिवशी सरांनी कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचा सेलही दाखवला होता. रुपयाएवढा गोल, त्यावर २०३२. आम्हाला वाटलं २०३२ सालापर्यंत चालणार. तो आकडा मापाचा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, हे सरांनी सांगितलं तेव्हा वर्ग हळहळला.

हार्डवेअर म्हणजे काय ते मला त्या दुपारी समजलं. सॉफ्टवेअर मात्र समजायचं राहिलंच. कारण त्याचं शिक्षण सगळं मंत्रासारखं झालं. चालू झाला की मोकळ्या जागी राइट क्लिक, रिफ्रेश. पुन्हा राइट क्लिक, रिफ्रेश. तीनदा. मग कामाला लागायचं. का? ‘ताजा होतो.’ तीनदाच का? आचमन कितीदा करतात?

पुढे नोकरीत एका इंजिनिअरने सांगितलं की त्याने पडद्यावरची चित्रं नव्याने मांडली जातात, बास. वेग वाढत नाही, रॅम मोकळी होत नाही. मी मान डोलावली आणि रिफ्रेश केलं. आमच्याकडे नवा मुलगा आलाय, तेवीस वर्षांचा, ज्याने फ्लॉपी फक्त सेव्हच्या चित्रात पाहिलीय. तोही सकाळी आल्या आल्या करतो. तुला कुणी शिकवलं रे, तर म्हणाला, “शिकवायला कशाला लागतं मॅडम?”

असो. काकांना शेवटी नातवाच्या कंपासपेटीत खोडरबर सापडला. वासाचा निघाला, पण दुसरा नव्हता. मी वायर काढली, डबा उघडला, रॅम घासली. काका चष्मा वर करून बघत होते. प्रेसमधला माणूस, यंत्राच्या पोटात हात घालणाऱ्याबद्दल त्यांना आपोआप आदर असतो. कट् कट्. बटण. छोटा बीप. आणि ऑफिसभर स्ट्रॉबेरीचा वास.

पडदा उजळला तेव्हा कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी १९८०. आतला सेल केव्हाच मेलेला असणार, इतके दिवस भिंतीतल्या विजेवर घड्याळ जगत होतं, मी वायर काढली तसं गेलं. घड्याळ गेलं की हे जुने कॉम्प्युटर पार तिथपर्यंत मागे जातात. माझा तेव्हा जन्मही नव्हता. मी तारीख बदलायला माउस नेला.

“थांब जरा,” काका म्हणाले.

थांबले. ते पडद्याजवळ वाकले.

“ऐंशीचा जानेवारी. मी नुकताच लागलो होतो गं. रात्रपाळी असायची. सकाळी सायकलवर घरी यायचो तर बोटं हँडलला चिकटून बसायची, इतकी थंडी. आई पाणी तापवून ठेवायची, आधी हात बुडव म्हणायची.” त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं, उगीच उघडमीट केली. बाहेर वॉचमनच्या रेडिओवर जाहिरात चालली होती.

मग त्यांनी चष्मा खाली घेतला. “बदल ती. नाहीतर पावतीवर छापून येईल, आणि तो तीनशे दोनवाला म्हणेल, माझा मेंटेनन्स पंचेचाळीस वर्षांपूर्वीच भरलाय.”

मी तारीख बदलली. मग काकांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि मोकळ्या जागी राइट क्लिक केलं.