बरणीतली चिठ्ठी

"ताई, नशा केली नाही म्हणून बक्षीस? ही तर लाचच झाली की!" आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात नातेवाइकांची बैठक असली की हा प्रश्न हमखास येतो. गेल्या वेळी एका आईचा आवाज चढला. "माझ्या धाकट्याने कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही. त्याला कोण बक्षीस देतंय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

ब्राउन शुगर सोडणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देता येतात. कोकेन, मेथ (मेथॅम्फेटामाइन), एमडी (मेफेड्रोन) या उत्तेजक नशांसाठी अशी हुकमी गोळी नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मेथच्या 403 रुग्णांपैकी काहींना दोन औषधं एकत्र देऊन पाहिली. गुण आला तो शंभरातल्या तेरा-चौदा जणांना. नुसत्या दिखाऊ औषधावर अडीच टक्के, म्हणजे फरक खरा, पण बाकीच्या शहाऐंशींचं काय?

त्याच्या कितीतरी आधी, 1990 च्या सुमारास, अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांसाठी वेगळीच रीत बसवली. आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी. पहिल्यांदा साफ निघाली की अडीच डॉलरचं व्हाउचर, पुढच्या प्रत्येक साफ तपासणीला सव्वा डॉलर वाढ. चुकलं की पुन्हा अडीचवर. रोख पैसा हातात कधीच नाही. रुग्ण म्हणेल ती वस्तू कर्मचारी आणून देत, अगदी मासेमारीचा परवानासुद्धा. 1994 च्या त्यांच्या अभ्यासात व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी 75 टक्के रुग्ण चोवीस आठवडे टिकले, न मिळणाऱ्यांपैकी 40 टक्के. पुढे मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांनी खर्च कमी करायला चिठ्ठ्या आणल्या: तपासणी साफ निघाली की भांड्यातून चिठ्ठी काढायची. भांड्यात पाचशे चिठ्ठ्या, त्यातल्या निम्म्यांवर फक्त "शाब्बास". बहुतेक बाकीच्यांवर डॉलरभराची वस्तू, आणि शंभर डॉलरची चिठ्ठी एकच.

हे चालतं, कारण पुडीचा गुण पाच मिनिटांत येतो. आपण घरचे मात्र म्हणतो, सोड, नोकरी लागेल, दोन वर्षांनी लग्न करू. एवढ्या लांबचं त्या मुलाला दिसतच नाही हो. म्हणून नशा न केल्याचं काहीतरी आजच, त्याच्या हातात पडावं लागतं. लाच माणसाला वाईट कामाकडे ओढते. इथे ओढ नेमकी उलट्या दिशेला आहे. आणि धाकट्याचं म्हणाल, तर थोरल्याला टीबी झाला असता आणि सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या मिळाल्या असत्या, तर धाकट्याला काय मिळालं असं तुम्ही विचारलं असतं का? बक्षिसं थांबल्यावर काही जण पुन्हा घसरतात, हेही खरं. गोळ्या थांबवल्यावर साखर वाढते, म्हणून मधुमेहाचं औषध कुणी खोटं ठरवत नाही.

आमच्याकडे डॉलर नाहीत. लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी आहे, त्यात साबण, मोबाइल रिचार्ज, बिर्याणी आणि पुष्कळ "शाब्बास". सलग साफ निघाल्यास चिठ्ठ्या वाढतात. तपासणीच्या साध्या किटवर एमडी दिसेलच असं नाही, त्याची वेगळी पट्टी मागवावी लागते. माझा निम्मा जीव त्या पट्ट्यांचे पैसे जमवण्यात जातो.

त्या आईचा थोरला सहा चिठ्ठ्यांपर्यंत पोचला होता. मग दोन आठवडे गायब. परवा आला, खाली मान घालून. तपासणी साफ. मी बरणी पुढे केली.

"एकच ना?"

"एकच."

त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि कितीतरी वेळ तळाशी चाचपत राहिला.